गवसणी घालतात ती इंजिनाला, यशाला नव्हे

प्रश्न असा: १९३० सालच्या अमेरिकी लष्करी बायप्लेनच्या (एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाच्या) थंडीतल्या चाचणीवर मराठीत लिहिताना इंजिनावर चढवायच्या जाड कापडी आवरणाला 'गवसणी' म्हटले. संपादकांनी ते खोडले. 'गवसणी घालणे म्हणजे यश मिळवणे,' असे त्यांचे म्हणणे. मग कोणता शब्द वापरावा?

हाच वापरावा. खोडायचे असेल तर 'सुवर्णपदकाला गवसणी', 'शिखराला गवसणी' हे रोज छापून येणारे मथळे खोडा. तंबोऱ्याच्या, सतारीच्या अंगाबरोबर बेतून शिवलेले आवरण म्हणजे गवसणी. आकाशाला ना कडा ना माप, त्याला गवसणी शिवणार कशी? म्हणून 'आकाशाला गवसणी घालणे' म्हणजे अशक्याला हात घालणे. त्यात धाडस आहे, मिळवणे नाही. आकाश गाळून नुसती गवसणी उरली आणि अर्थ पार उलटला.

हा घोटाळा 'गवसणे'मुळे होतो, आणि हा शब्द फार सुंदर आहे. त्याचे मूळ संस्कृत 'गवेषण', म्हणजे गो आणि एषण: गाई शोधणे. पुढे कुठलाही शोध म्हणजे गवेषण झाले आणि मराठीने शोधाच्या शेवटावर बोट ठेवले: गवसले, म्हणजे सापडले. याच कुळातला वैदिक शब्द 'गविष्टि'. त्याचा अर्थ गाईंची इच्छा, आणि युद्धही! गाईंसाठी लढाया होत, त्यामुळे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदले. लढाऊ विमानाच्या आवरणाला याहून शोभणारे कूळ कुठले?

गवसणीही याच घरातली असावी, असा माझा अंदाज आहे. जे गवसते ते पुरते हाती येते, आणि गवसणी वस्तूला पुरते कवेत घेते. तिच्यात 'वसन' म्हणजे वस्त्र असेल, असेही म्हणता येईल. खात्रीने मला सांगता येत नाही. मूळ एक मानले तरी अर्थ एक होत नाहीत. गवसते ते यश, घालतात ती गवसणी.

आता विमान. जानेवारी १९३० मध्ये मेजर राल्फ रॉइस यांच्या नेतृत्वाखाली कर्टिस पी-१ विमाने मिशिगनमधल्या सेलफ्रिज फील्डहून वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला जाऊन परतली. या 'आर्क्टिक पेट्रोल' मोहिमेसाठी रॉइस यांना त्या वर्षीची मॅके ट्रॉफी, म्हणजे अमेरिकी लष्करी उड्डाणाचा पुरस्कार, मिळाली. विमानांचे इंजिन कर्टिस डी-१२, पाण्याने थंड होणारे. अशा इंजिनाचा कडाक्याच्या थंडीत घात दोन गोष्टी करतात. पाणी आत राहिले तर गोठून फुगते आणि रेडिएटरच्या नळ्या फोडते. तेल घट्ट झाले तर पंपाला ओढवत नाही, बेअरिंग कोरडी चालतात. म्हणून उतरल्यावर इंजिन गरम असतानाच दोन्ही काढून घ्यायचे, आणि निघताना तापवून ओतायचे.

गवसणी चढवायची तीही इंजिन गरम असताना, म्हणजे ऊब आत राहते. मात्र धुराड्याच्या नळ्या तापलेल्या असतील तर कापड करपते, तेवढा दम धरावा. आधी बर्फ झटकून घ्यायचा. नाहीतर तो आत वितळतो, पाणी मॅग्नेटोत, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागात, शिरते आणि पुन्हा गोठते. ओली गवसणी तर पत्र्यासारखी कडक होते, सकाळी निघता निघत नाही.

पण प्रत्येक आवरणाला गवसणी म्हणू नका. जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या, आत शेगडी ठेवून इंजिन तापवायच्या कापडाला 'कनात' म्हणावे. आत ज्वाला असते, म्हणून आग विझवायचे साधन घेऊन एक माणूस तिथून हलायचा नाही. पंखांवरचे कापड म्हणजे 'झूल'. पंखावर हिवाचा पातळ, खरखरीत थर बसला तरी उचल घटते, म्हणून तेही झाकावे लागतात. पण बायप्लेनच्या दोन पंखांमध्ये खांब आणि तारा असतात, त्यामुळे पिशवीसारखे आवरण टोकाकडून सरकवत आत नेता येत नाही. कापड वरून पसरायचे आणि खांबांच्या मधून खाली नाड्या बांधायच्या, बैलाच्या पाठीवर झूल बांधतात तसे.