अर्थशास्त्र सोडू नकोस

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खूप कादंबऱ्या वाचते. ऊसतोड कुटुंबावर कादंबरी लिहायला घेतली, पण तीन प्रकरणांनंतर अडले. कादंबरीकार व्हायचं तर अर्थशास्त्र सोडून मराठी साहित्य घेऊ का?

उत्तर : तुझी तिन्ही प्रकरणं मी दोनदा वाचली. आईचं बोलणं अजून कानात आहे. पण बापाने उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, किती घेतली, ती फिटायला किती टन ऊस तोडावा लागेल, हे कुठेच येत नाही. म्हणून तो मुकादमापुढे, म्हणजे उचल देऊन टोळी जमवणाऱ्या माणसापुढे, गप्प का होतो ते कळत नाही आणि गोष्ट तिथेच थांबते. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता', हे तुला माहीतच असेल. उचल कोयत्यावर ठरते; मुलींची लग्नं लवकर का लावतात, याचं बरंचसं उत्तर या हिशेबात आहे. तुझ्या नायिकेचं लग्न तर तू दोन ओळींत उरकलंस!

म्हणून अर्थशास्त्र सोडू नकोस. कादंबऱ्याही वाच, पण त्यांतलं आयुष्य दुसऱ्या कुणीतरी आधीच निवडून ठेवलेलं असतं. तुला कच्चा माल हवा.

सुरुवात त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गाव-गाडा'पासून कर. हे पुस्तक १९१५ सालचं. आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते. बलुतेदाराने काय काम करायचं, खळ्यावर त्याच्या वाट्याला काय यायचं, कुणाचा कशावर हक्क, हे त्यांनी बारकाईने लिहिलं. फिरस्त्या जमातींबद्दलची त्यांची मतं आज खटकतात. तीही वगळू नकोस, सरकारी माणूस या लोकांकडे कसा पाहायचा ते त्यातून कळतं. मग गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घे. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून कोकणातल्या वरसईहून निघालेला हा भिक्षुक १८५७च्या बंडात सापडला, झाशीची लूट त्याने डोळ्यांनी पाहिली. प्रवासाच्या मुळाशी कर्ज आहे, हे विसरू नकोस.

पोटापाण्याचंही सांगतो. केवळ कादंबरीवर मराठीत फार थोड्यांचं घर चालतं. पदवी पूर्ण कर, जमलं तर माणसांच्या व्यवहाराशी संबंध येईल अशी नोकरी बघ. आत्र्यांना त्यांचं पुस्तक नोकरीतल्या अनुभवातूनच मिळालं.

दिवाळीच्या सुमारास तुझ्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याआधी एखाद्या ओळखीच्या कुटुंबात बसून गेल्या हंगामाचा हिशेब समजून घे. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून किती आले, दवाखान्यात किती गेले, उचलीतलं किती अंगावर राहिलं, सगळं वहीत लिही. मग तिसरं प्रकरण नव्याने लिही आणि मला पाठव.