इंग्लंडच्या आडवस्तीत घर घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पतीला हर्फर्डच्या रुग्णालयात नोकरी लागली आहे. शहराबाहेर दहा-बारा घरांच्या वस्तीत एक घर भाड्याने मिळतंय. गॅस नाही, तेलाची टाकी आहे. सांडपाण्याला सेप्टिक टँक. करारापूर्वी काय पाहावं?

उत्तर : आधी तेलाची टाकी पाहा. अशा वस्तीत गॅसची लाइन आलेलीच नसते. टाकीतल्या केरोसिनवर घर आणि पाणी तापवणारा बॉयलर चालतो. एक लिटर तेलातून साधारण १० युनिट उष्णता मिळते. म्हणजे वर्षाला १५,००० युनिट लागणाऱ्या घराला दीड हजार लिटर, आणि बॉयलरमध्ये वाया जाणारी उष्णता धरली तर त्याहून जास्त. टँकरवाले बहुधा ५०० लिटरच्या खाली येत नाहीत. वीज-गॅसला दराची कमाल मर्यादा असते, तशी या तेलाला नाही. उन्हाळा सरायच्या आत टाकी भरून घ्या. बऱ्याच गावांत शेजारी मिळून मागणी नोंदवतात. त्यात सामील व्हा, दर कमी पडतो.

टाकी कधीही कोरडी पडू देऊ नका. तळाशी गाळ आणि बाष्पाचं पाणी साचतं. तेल संपत आलं की तेच नळीत ओढलं जातं, फिल्टर तुंबतो, हवा शिरते आणि बॉयलर बंद पडतो. मग नुसतं तेल ओतून भागत नाही, नळीतली हवा काढून घ्यावी लागते. पाव टाकी उरली की मागणी नोंदवा. तंत्रज्ञ ‘ऑफटेक’ या तेल-बॉयलर तंत्रज्ञांच्या संस्थेचा नोंदणीकृत हवा. ‘गॅस सेफ’ची नोंदणी फक्त गॅसची. टाकी दुहेरी भिंतीची आहे ना, हेही विचारा. गळती झाली तर मातीही जाते आणि जवळच्या बोअरचं पाणीही.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुडून थांबला, तर बाहेर भिंतीवरची कंडेन्सेटची (बॉयलरमध्ये साचलेलं पाणी बाहेर सोडणारी) प्लास्टिक नळी तपासा. बहुतेक वेळा तीच गोठलेली असते. कोमट पाणी ओता, उकळतं नको, नळी तडकेल. आणि वीज गेली की बॉयलरही जातो, म्हणून लाकडाची शेगडी असलेलं घर मिळालं तर उत्तम. लाकूड २० टक्क्यांहून कमी ओलं हवं. वीज गेल्याचं कळवायला १०५ फिरवा.

आता सेप्टिक टँक, आणि इथे आपल्या स्वयंपाकाला सांभाळून घ्यावं लागतं. फोडणीचं तेल आणि तूप थंड टाकीत थिजतं, वर साय धरते आणि पुढे शोषखड्ड्याच्या नळ्या बुजतात. मग शौचालयाचं पाणी उलटं येतं आणि अंगणात दलदल होते. कढई धुण्याआधी कागदाने पुसा. चहाचा चोथा, ओले वाइप्स, ब्लीचचा मारा टाळा. ब्लीचने मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. कपडे एकाच दिवशी न धुता विभागून धुवा. नळ्यांवर गाडी उभी करू नका. उपसा साधारण वर्षातून एकदा लागतो. खर्च कुणाचा, ते करारात लिहून घ्या. टाकीचं पाणी थेट ओढ्यात जात असेल तर इंग्लंडमध्ये ते नियमबाह्य आहे. घरमालकाला तसं सरळ विचारा.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, शाळा अडीच मैलांवर. बस मोफत मिळेल का?

उत्तर : तीच तुमची सर्वांत जवळची योग्य शाळा असेल तर हो. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी अंतराची अट दोन मैलांची, त्यापुढे १६ पर्यंत तीन मैलांची. म्हणजे आठ वर्षं पूर्ण झाल्यावर हक्क जाऊ शकतो. मात्र पायवाट नसलेला रस्ता मोठ्या माणसाच्या सोबतीनेही असुरक्षित असेल, तर कमी अंतरालाही बस द्यावी लागते. स्थानिक कौन्सिलला फोटोंसह लिहा. आवडीची लांबची शाळा निवडलीत तर मोफत बसवर सहसा पाणी सोडावं लागतं, म्हणून हे प्रवेशअर्जाच्या आधी ठरवा.

प्रश्न : भारतीय परवान्यावर गाडी किती दिवस चालवता येईल?

उत्तर : तिथले रहिवासी झाल्यापासून १२ महिने. त्यानंतर विमाही लागू राहत नाही. आपला परवाना बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल (शिकाऊ) परवाना काढून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तारखा उशिरा मिळतात, म्हणून पोहोचताच अर्ज करा. एकाच गाडीपुरत्या रुंद गल्लीरस्त्यांवर वेगमर्यादा बहुधा ताशी ६० मैल असते, पण तितक्या वेगाने जायचं नसतं. उन्हाळ्यात कुंपणं वाढून वळणापलीकडचं दिसत नाही, आणि ट्रॅक्टर समोर आला की मागच्या रुंद जागेपर्यंत रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागतो. परीक्षेआधी त्याचा भरपूर सराव करा.