व्हॉल्व्हमन निवृत्त होताहेत आणि भरती बंद आहे: नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात नव्या अभियंत्याने आधी काय करावे?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: लोकसंख्या साधारण 60 हजार, दिवसाआड पाणी, निम्मी पदे रिक्त, तीन व्हॉल्व्हमन दीड वर्षात निवृत्त होणार आणि आस्थापना खर्चाच्या मर्यादेमुळे नवी भरती अडलेली. भरतीचा प्रस्ताव पाठवाच, पण त्याच्या भरवशावर बसू नका. तुमच्या हातात वेळ आहे तो त्या तिघांच्या निवृत्तीपर्यंतचाच.

चोवीस तास पाणी असलेल्या गावात, उदाहरणार्थ कराडजवळच्या मलकापुरात, वितरणाचे बहुतेक व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि माणसे मीटर व गळतीकडे लागतात. दिवसाआड पाण्यात प्रत्येक गल्लीचे पाणी कुणीतरी चावी फिरवून सोडावे लागते. योजना हस्तांतरित झाली तेव्हाचा नकाशा तुमच्या कपाटात असेल, पण त्यानंतर रस्त्यांचे डांबरीकरण झाले, चेंबर गाडले गेले, कुठे दोन वाहिन्या परस्पर जोडल्या गेल्या. आजचा नकाशा फक्त व्हॉल्व्हमनच्या डोक्यात आहे.

म्हणून पहिले काम व्हॉल्व्ह नोंदवही. ती कार्यालयात बसून विचारपूस करून होत नाही. पाण्याची एक पूर्ण पाळी, म्हणजे दिवसाआड असेल तर सलग दोन दिवस, व्हॉल्व्हमनबरोबर फिरा. सोबत एखादा तरुण फिटर ठेवा. पुढे चावी त्याच्याच हातात जाणार आहे. प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक द्या आणि जागेचा जीपीएस बिंदू घ्या. शिवाय घराचा कोपरा, विजेचा खांब अशा तीन पक्क्या खुणांपासून टेपने अंतर मोजा, कारण अरुंद गल्लीत मोबाइलचा बिंदू पाच-दहा मीटर इकडेतिकडे जातो. मग व्यास, उघडण्याची दिशा (जुन्यात उलट फिरणारे निघतात), पूर्ण उघडायला लागणारे फेरे, रोज प्रत्यक्ष किती फेरे उघडतो, कोणत्या गल्ल्या, किती मिनिटे, आणि शेवटच्या घरी पाणी पोचायला किती वेळ लागतो. 150 मिमीच्या स्लुइस व्हॉल्व्हला (आतले गेट म्हणजे पाते वर-खाली सरकणारा व्हॉल्व्ह) साधारण 20 फेरे लागतात. बाराव्या फेऱ्याला अडत असेल तर स्पिंडल (गेट हलवणारा दांडा) तरी वाकला आहे किंवा गेटखाली खडा बसला आहे, तेही लिहा.

'रोज किती फेरे' हा रकाना सर्वांत बोलका. उंचावरच्या गल्लीला दाब मिळावा म्हणून खालचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे अर्धवट उघडा ठेवलेला असतो. स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद राहण्यासाठी असतो. अर्धवट ठेवला की गेटची बैठक झिजते आणि मग तो पूर्ण मिटतच नाही. बंद झोनमध्येही पाणी झिरपत राहते. तपासायला रात्री टाकीची पातळी बघा. 10 लाख लिटरच्या, 4 मीटर पाणीखोलीच्या टाकीत 1 सेंमी म्हणजे 2,500 लिटर. इनलेट, आउटलेट बंद असताना तासाला 2 सेंमी उतरत असेल, तर 5,000 लिटर टाकीतून किंवा व्हॉल्व्हमधून जाताहेत.

एक सावधगिरी. जुना व्हॉल्व्हमन पहिल्या दिवशी सगळे सांगत नाही. ही माहितीच त्याची किंमत आहे आणि कुणाच्या सांगण्यावरून कुठे दहा मिनिटे जास्त सोडतो, हेही त्यात येते. पहिल्या फेरीत जाब विचारू नका, जे आहे ते लिहा. निवृत्तीनंतर सहा महिने मानधनावर मार्गदर्शक म्हणून ठेवायचे असेल, तर तो ठराव निवृत्तीच्या आधीच मंजूर करून घ्या.

आता पाळ्यांचा हिशेब. आठवड्यात 168 तास, एका माणसाचे 48. म्हणजे चोवीस तासांच्या एका जागेला नुसते भागाकाराने साडेतीन माणसे. रजा, आजारपण धरून चार. जॅकवेल (नदी-धरणातून पाणी उपसण्याची विहीर) आणि शुद्धीकरण केंद्र मिळून आठ. आकृतीबंधात (मंजूर पदांच्या तक्त्यात) बहुधा जागेमागे तीनच असतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. एकजण रजेवर गेला की दुसरा सोळा तास काढतो, रात्री डोळा लागतो आणि फिल्टरचे बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने वाळू धुणे) राहते. दाबघट (वाळू तुंबल्याने फिल्टरमध्ये घटणारा पाण्याचा दाब) 2 मीटरच्या आसपास गेली किंवा 24 तास झाले की बॅकवॉश व्हायलाच हवे. टाळत गेले की वाळूत चिखलाचे गोळे बनतात, गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचे एकक) वर जातो आणि क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. लोकांना मात्र फक्त 'पाणी गढूळ आले' एवढेच दिसते. मुख्याधिकाऱ्यांकडे प्रस्ताव नेताना 'पदे रिक्त' असे न लिहिता 'महिन्यात इतक्या पाळ्या माणसाविना किंवा दुप्पट ड्युटीवर' असे हजेरीपटावरून लिहा. ते टाळता येत नाही.

क्लोरीनचा धोका वेगळा आहे. 60 हजार लोक, माणशी 135 लिटर, म्हणजे रोज सुमारे 81 लाख लिटर. 2 मिग्रॅ प्रतिलिटर मात्रा धरली तर रोज 16 किलो. 900 किलोचा टनर (क्लोरीनची मोठी आडवी टाकी) सुमारे 56 दिवस पुरतो, म्हणजे वर्षात सहा-सात वेळाच बदलायचा. चार ऑपरेटरांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला वर्षाला दोनदासुद्धा येत नाही, हात विसरतो. म्हणून बदल नेहमी दोघांनी, दिवसाउजेडी, आणि दर वेळी वेगळी जोडी. टनरचे दोन्ही व्हॉल्व्ह उभ्या रेषेत ठेवायचे. वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. जोडणीचा वॉशर दर वेळी नवा. गळती अमोनियाने बघायची, पांढरा धूर आला की गळती. गळणाऱ्या जागेवर पाणी मारू नका, गंजून भोक मोठे होते. श्वसनयंत्र घातलेल्या माणसाने गळकी बाजू वर येईल असा टनर फिरवला, तर द्रवाऐवजी वायू निघतो आणि गळती बरीच घटते. बाकीच्यांनी वाऱ्याच्या उलट दिशेने, उंचावर जायचे. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने सखल भागात साचतो. पर्याय म्हणून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ठेवा, पण ताज्या पावडरीतही क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे रोज जवळपास 50 किलो लागेल. उन्हाळ्यात पडून राहिलेल्या पोत्यावर विसंबू नका.

भरती नाही म्हणजे ठेकेदाराची माणसे येणारच. निविदा नुसती 'अमुक इतके मजूर' अशी काढली, तर सर्वांत कमी दराचा ठेकेदार येतो, अकरा महिन्यांनी बदलतो आणि शिकलेली माणसे त्याच्याबरोबर जातात. म्हणून कामाची पात्रता लिहा (केंद्रावर किमान आयटीआय), जुन्या-नव्या ठेकेदाराची पंधरा दिवस एकत्र ड्युटी ठेवा, आणि भविष्य निर्वाह निधीचे चलन दाखवल्याशिवाय बिल नाही ही अट घाला. पगार थकला की रात्रपाळीचा माणूस सर्वांत आधी गायब होतो. क्लोरीन मात्र पूर्णपणे ठेक्यावर सोडू नये असे माझे मत आहे. दोघांपैकी एकजण नगरपरिषदेचा असावा.

एसकाडा (दुरून देखरेख व नियंत्रण करणारी संगणक यंत्रणा) बसवला तर माणसे कमी लागतील का, असेही तुम्ही विचारले आहे. आधी जॅकवेल, केंद्राचे आउटलेट आणि प्रत्येक टाकीवर फ्लोमीटर व पातळीदर्शक बसवा. रात्री ओसंडणारी टाकी त्यातच सापडते. गल्लीतल्या व्हॉल्व्हवर विजेचे ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरी) बसवायच्या भानगडीत पडू नका, पावसाळ्यात चेंबर भरले की बंद पडतात आणि दुरुस्त करणारा माणूस तुमच्याकडे नसतो. तोच पैसा एका चांगल्या इलेक्ट्रिशियनवर घाला. पंपांच्या उच्चदाब वीजजोडणीचे बिल केव्हीएएचवर येते, म्हणजे प्रत्यक्ष कामाला न लागलेला विजेचा भारही त्यात धरला जातो; हा भार कमी करणारी कपॅसिटर बँक बंद पडलेली कुणाच्या लक्षातच आली नाही, तर पाणी तेवढेच उपसूनही दरमहा बिल वाढते. मागच्या बारा बिलांवरचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या भारापैकी प्रत्यक्ष कामाला लागलेला वाटा) एकाखाली एक मांडून बघा.