मुंबईत नुसत्या नाटकावर पोट भरतं का?

प्रश्न विचारणारा परभणीचा, वय २२. कॉलेजात एकांकिका केल्या, राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. आता मुंबईत येऊन व्यावसायिक नाटकात काम करायचंय, मालिकांत जायचं नाही. खर्च कसा भागवायचा आणि घरी काय सांगायचं, हे दोन प्रश्न त्याने विचारलेत.

वय लिहिलंयस म्हणून थेट तू म्हणतो. मी तासगावचा. २०११ च्या जूनमध्ये मुंबईत आलो आणि तेव्हापासून नाटकातच आहे. सरळ उत्तर आधी देतो: पहिली चार-पाच वर्षं तरी नुसत्या नाटकावर पोट भरत नाही. पण नाटकाला धक्का न लावता दुसरीकडून पोट भरता येतं, आणि ती सोय तू किती लवकर लावतोस त्यावर तुझं इथलं टिकणं अवलंबून आहे. माझ्याबरोबर आलेल्यांत माझ्याहून चांगले नट होते. त्यातले बरेच परत गेले ते अभिनय कमी पडला म्हणून नाही, खोलीचं भाडं थकलं म्हणून.

आधी पैशाचा हिशोब समजून घे. एका प्रयोगाच्या मानधनाला आमच्यात नाईट म्हणतात. प्रयोग दुपारी चारचा असला तरी नाईटच. प्रयोग झाला तर नाईट, रद्द झाला तर काही नाही. तालमी महिना-दीड महिना चालतात. माझ्या पहिल्या तीन नाटकांत तालमीचे पैसे मिळाले नाहीत, चहा-वडापाव मिळायचा. माझी पहिली नाईट ५०० रुपयांची होती. प्रयोगानंतर मी तोंडाला खोबरेल लावून मेकअप उतरवत होतो, तेव्हा व्यवस्थापकाने पाकीट आणून आरशापाशी ठेवलं. त्यावर पेन्सिलने माझं नाव होतं. ते पाकीट अजून आहे माझ्याकडे, पैसे त्याच आठवड्यात संपले. पुढे नाईट ८०० झाली. महिन्याला आठ प्रयोग झाले तर ६,४०० रुपये, आणि आठ प्रयोग म्हणजे नाटक बरं चाललंय असं समज.

प्रयोग किती होणार हे तुझ्या हातात नसतं, बऱ्याचदा निर्मात्याच्याही नसतं. शनिवार-रविवारच्या तारखांवर सगळ्यांचा डोळा असतो, आणि नाट्यगृहं मोजकी. त्यात नाटकातला नावाचा नट मालिकेत असला की त्याच्या शूटिंगवर सगळं अडतं. त्याला चॅनेलने सुट्टी दिली नाही की आपल्या सगळ्यांचे प्रयोग गेले. गणपतीच्या दहा दिवसांत मुंबईत प्रयोग जवळजवळ थांबतात, परीक्षांच्या दिवसांत बुकिंग बसतं, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर बरं असतं. म्हणून मे महिन्याच्या कमाईवर वर्षाचा अंदाज बांधू नकोस. मी बांधला होता. त्या वर्षी गणपतीत गावाला जायच्या तिकिटाला मित्राकडून पैसे घ्यावे लागले.

राहायचं कुठे? गावाकडून येणारा मुलगा अंधेरी-ओशिवऱ्याकडे धावतो, कारण ऑडिशन तिकडे होतात. नाटक करायचं असेल तर मध्य रेल्वेवर राहा. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर, मुलुंडचं कालिदास, ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि घाणेकर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, कल्याणचं अत्रे, ही सगळी नाट्यगृहं याच बाजूला. पार्ल्याच्या दीनानाथला आणि बोरिवलीच्या प्रबोधनकारला दादरला गाडी बदलून जाता येतं. मी कळव्याला पाच जणांत खोली घेऊन राहिलो. त्यात दोघं नाटकातले, एक कंपनीत रात्रपाळीला, दोघं परीक्षेची तयारी करणारे. सगळेच नाटकवाले एकत्र राहू नका, हे मी मनापासून सांगतो. एखाद्या महिन्यात सगळ्यांचेच प्रयोग बंद असतात, मग भाडं कोण भरणार? रात्रपाळीवाल्याचा पगार एक तारखेला यायचा, आणि त्याने मला दोनदा सांभाळून घेतलंय.

दौऱ्याच्या बसचंही लक्षात ठेव. नाशिकहून परतताना बस ठाण्यावरूनच जाते, त्यामुळे तीन हात नाक्याला उतरता येतं. पुण्याहून येताना ती वाशी-चेंबूरमार्गे दादरला येते. पहाटे साडेतीनला शिवाजी मंदिरासमोर उतरायचं, स्टेशनवर जायचं, बॅग उशाला घेऊन बाकावर पडायचं आणि पहिल्या गाडीची वाट बघायची. अशा रात्रीनंतर सकाळी दहाला कामावर उभं राहावं लागतं. त्यासाठी अंगात ताकद पाहिजे. जेवणावर पैसे वाचवू नकोस. महिन्याचा डबा लाव. मी दुपारच्या डब्याऐवजी वडापाव खात राहिलो आणि दुसऱ्या वर्षी काविळीने दीड महिना गावाला पडलो. तेवढ्यात माझ्या जागी दुसरा उभा राहिला आणि ती भूमिका त्याचीच झाली.

आता काम कोणतं धरायचं? पगार किती याच्याआधी संध्याकाळ आणि शनिवार-रविवार मोकळा मिळतो का, हे विचार. कॉल सेंटर, मॉल, हॉटेल यांत पैसे मिळतात, पण शनिवार-रविवारीच तिथे गर्दी असते. मी दादरला एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात मराठी टायपिंग करायला लागलो. सकाळी दहा ते चार, रविवारी बंद. शनिवारी दुपारचा प्रयोग असला तर मालक दोनला सोडायचे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आणि नाटकांच्या संहिता. लेखक हाताने लिहिलेली वही घेऊन यायचे आणि मी ती टाइप करायचो. पाच वर्षांत तीसेक नाटकं माझ्या बोटांखालून गेली. वाक्य कुठे तुटतं, लेखक कुठे तीन टिंबं देतो आणि कुठे सरळ पूर्णविराम, हे वाचताना कळलं नसतं इतकं टाइप करताना कळलं. तुला नेमकं असंच काम मिळेल असं नाही. शाळांची स्नेहसंमेलनं बसवण्याचं काम साधारण नोव्हेंबर ते जानेवारी असतं आणि पैसे बरे मिळतात. उन्हाळ्यात बालनाट्य शिबिरं असतात. उच्चार स्वच्छ असतील तर डबिंग कर, श्राव्य पुस्तकं वाच. सकाळच्या शिकवण्याही चालतात.

नोकरी करणारा नट म्हणजे अर्धा नट, असं तुला कोणीतरी सांगेल. ऐकू नकोस. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ साली चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी पूर्णवेळ नाटक धरलं. डॉ. मोहन आगाशे मानसोपचार शिकवत होते. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. आपल्या रंगभूमीवर ही चाल जुनीच आहे.

नाटकात शिरायचं कसं, हे तू विचारलेलं नाहीस, पण पैशाशी त्याचा संबंध आहे. फोटो घेऊन निर्मात्यांच्या ऑफिसात फिरण्यापेक्षा बॅकस्टेजला काम माग. मी दीड वर्ष एका नाटकाचं पार्श्वसंगीत ऑपरेट करायचो. त्याचीही नाईट मिळते, आणि प्रयोग तुला रोज फुकट बघायला मिळतो. चाळीसेक प्रयोगांनंतर मला सगळ्यांची वाक्यं पाठ झाली होती. एका शुक्रवारी रात्री अकराला व्यवस्थापकांचा फोन आला. एका नटाला डेंग्यू झाला होता. "पाठ आहे?" "आहे." "उद्या चारला गडकरीला ये."

पहिल्या अंकात पोस्टमन, दुसऱ्यात इन्स्पेक्टर. पोस्टमनचं निभावलं. इन्स्पेक्टरचा शर्ट त्या नटाच्या मापाचा, माझ्या अंगात दोन माणसं मावतील एवढा. कपडेपटातल्या काकांनी तो पाठीमागे चिमटीत धरला आणि चार सेफ्टी पिना लावल्या. म्हणाले, "प्रेक्षकांना पाठ दाखवू नकोस, बाकी काही बघू नकोस." आणि इन्स्पेक्टरची एक्झिट तर मागच्या दारातून होती. मी बोलत बोलत एकेक पाऊल मागे सरकत दारापर्यंत गेलो, शेवटचं वाक्य उंबऱ्यावर उभं राहून घरमालकाच्या तोंडावर टाकलं आणि तसाच आत गेलो. थिएटर एकदम शांत झालं. विंगेत आलो तेव्हा पाय थरथरत होते आणि एक पीन पाठीत घुसलेली होती. दिग्दर्शकांनी ती एक्झिट पुढच्या सगळ्या प्रयोगांत तशीच ठेवली. त्यानंतर मला रिप्लेसमेंटला बोलवायला लागले. तीन नाटकं पाठ असलेला, वेळेवर येणारा मुलगा या धंद्यात सगळ्यांना हवा असतो.

मालिका नकोच, हा हट्ट सोड. मलाही तो होता आणि त्यात माझी दोन वर्षं गेली. मालिकेत एक दिवस वकील किंवा डॉक्टर झालास तर चार-पाच नाईटींचे पैसे एका दिवसात मिळतात. घोडबंदर रोडला शूटिंग असेल तर कळव्याहून अंतरही फार नाही. फक्त ते पैसे साधारण ९० दिवसांनी येतात, म्हणून या महिन्याच्या भाड्यात ते धरायचे नाहीत. रोजची मालिका घ्यायची की नाही, हा पुढचा प्रश्न. ती घेतलीस तर नाटकाच्या तारखा सुटतात, हे मी जवळून पाहिलंय.

पैशाबाबत आणखी थोडं. ऑडिशनसाठी, नाव नोंदवायला, "आमच्याच फोटोग्राफरकडून" फोटो काढायला जो पैसे मागतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. नाईट त्या त्या प्रयोगाला घे. एका संस्थेने मला "दौरा संपला की एकत्र देऊ" सांगितलं आणि अकरा नाईटींचे पैसे आजतागायत आले नाहीत. मी सातव्या प्रयोगालाच विचारायला हवं होतं, पण भूमिका जाईल म्हणून गप्प बसलो. विचारल्याने भूमिका जात नाही रे. नीट, शांतपणे विचारायचं. मालिकेचे आणि डबिंगचे पैसे १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच घेतलेला आयकर, कापून येतात. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. कित्येक मुलं ते सोडून देतात. एखाद्या वर्षी तेवढ्यात दोन महिन्यांचं भाडं निघतं.

आणि काहीतरी साठवून ठेव, कितीही थोडं असलं तरी. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मधे थोडी उघडली, पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या प्रेक्षकांत पुन्हा सुरू झाली. माझं डीटीपीचं काम घरून चालू राहिलं म्हणून मी तगलो. ज्या काकांनी मला पिना लावल्या होत्या त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. आयुष्यभर कपडेपट सांभाळलेला माणूस भाजीच्या गाडीवर उभा होता. आम्ही काही जण मिळून त्यांच्या घरी धान्य पोचवायचो. ते घेताना त्यांना किती जड जायचं, ते मी पाहिलंय.

आता तुझा दुसरा प्रश्न, घरी काय सांगायचं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. पहिली तीन वर्षं मी त्यांना फोनवर खोटा आकडा सांगायचो, महिन्याला पंधरा हजार मिळतात म्हणून. मग आमचं नाटक सांगलीला लागलं, भावे नाट्यमंदिरात. आई-वडील तासगावहून आले. प्रयोगानंतर वडील आत आले, रंगपटाच्या दारातच थांबले आणि म्हणाले, "चारशे सव्वीस माणूस हुतं." आयुष्यभर गाडीतली माणसं मोजलेली, त्यांनी मध्यंतरात सगळ्या रांगा मोजल्या होत्या. मग विचारलं, "ह्यातलं तुला किती?"

मी खरं सांगितलं. "नऊशे."

"म्हैन्याला असं किती खेळ?"

"आठ. कधी दहा."

"आन् बाकीचं दिवस?"

मी दुकानाचं सांगितलं, दहा ते चार, पगार किती तेही सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी जमवलं. भाडं विचारलं, डब्याचे किती ते विचारलं, पासाचे किती ते विचारलं. पुन्हा जमवलं. "म्हंजी बसतंय," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "त्ये मागं मागं सरकत गेलास, त्ये चांगलं केलंस."

त्यानंतर ते वारले तोपर्यंत मला परत ये असं एकदाही म्हणाले नाहीत. तू घरी खरा आकडा सांग, आणि बाकीच्या दिवसांचं काय करणार तेही सांग.