प्लेअर ऐंशी हजारांचा, शिल्लक पंच्याऐंशी हजारांची

प्रश्न : वय ३३. नाशिकला इंदिरानगरमध्ये भाड्याने राहतो, सिन्नरच्या मुसळगाव एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. हातात ४६,००० येतात. घरी पत्नी, तीन वर्षांची मुलगी आणि आई. भाडं ११,०००, घरखर्च १५,०००, स्कूटरचा हप्ता ३,४०० (अजून नऊ महिने), मुलीची शाळा २,५००, आईची औषधं ३,०००, पेट्रोल-फोन ३,०००. बँकेत ८५,००० आहेत. वडील गेले, त्यांच्या तीनशेच्या आसपास कॅसेट माझ्याकडे आहेत, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. त्यांतल्या १८० लॅपटॉपवर उतरवल्या. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता रोज दीड तास तेच ऐकतो, पण फोनला हेडफोनचा जॅक नाही आणि मध्येमध्ये मेसेज वाजत राहतात. जॅक असलेला जुना फोन कपाटात आहे, त्याची बॅटरी टिकत नाही. रविवारी मिसळीला जमणारे माझे तीन मित्र म्युझिक प्लेअरचे दर्दी आहेत. एकाने फिओ सांगितला, दुसऱ्याने सोनीचा वॉकमन, तिसऱ्याने अ‍ॅस्टेल अँड कर्न. बरीच चर्चा होऊन ६५,००० चा प्लेअर आणि १५,००० चे इअरफोन असं ठरलं. बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? पत्नी नाही म्हणत नाही, पण गप्प आहे.

उत्तर : आधी निर्णय सांगते, मग कारणं. हा ऐंशी हजारांचा संच आत्ता घेऊ नका. हप्त्यावर नको आणि शिलकीतूनही नको. पण गाण्यासाठी खर्च करा, आणि तो याच महिन्यात सुरू करा. साधारण चौदा हजारांचा खर्च आहे, त्याचा तपशील पुढे देते.

हप्त्याचं गणित तुम्हाला वाटत असेल त्यापेक्षा सौम्य आहे, ते प्रामाणिकपणे मांडते. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. क्रेडिट कार्डावरच्या नो-कॉस्ट ईएमआयमध्ये होतं असं : वर्षाच्या व्याजाएवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधी देते आणि बँक ते व्याज हप्त्यांतून वसूल करते. दर १६ टक्के धरला तर ८०,००० पैकी सुमारे ६,५०० रुपये व्याज निघतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या खिशातून जातो, म्हणजे ११७५ च्या आसपास. वर दोनशे-अडीचशे रुपये प्रोसेसिंग फी. सगळं मिळून चौदाशे रुपये. रोखीने घेतल्यावर दुकानदार काही कमी करणार असेल तर तेही गेलं असं धरा. एवढ्यासाठी मी कुणाला ऐंशी हजारांची वस्तू घेण्यापासून अडवणार नाही.

अडवते ते दुसऱ्या आकड्यासाठी. तुमचा महिन्याचा खर्च ३७,९०० आहे आणि हातात उरतात ८,१००. हप्ता ६,६६७ चा. उरले १,४३३. स्कूटरचा हप्ता फिटेपर्यंत, म्हणजे पुढचे नऊ महिने, चार माणसांचं घर या १,४३३ रुपयांच्या फटीवर उभं राहणार. आईला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, मुलीची फी वाढली, स्कूटरचं इंजिन उघडलं, यातलं एक जरी घडलं तरी हप्ता चुकेल. आणि कार्डाचा हप्ता चुकला की सौम्य गणित संपतं. थकलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, वर्षाचे चाळीस टक्क्यांहून जास्त. शिवाय ती नोंद सिबिलमध्ये जाते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : ४६,००० मध्ये ओव्हरटाइम किती? सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचे हिशेब मी पाहिले आहेत. वाहन कंपन्यांच्या ऑर्डर कमी झाल्या की सगळ्यात आधी ओव्हरटाइम बंद होतो. पगाराच्या स्लिपवर मूळ पगार वेगळा काढून पाहा. त्यात पाच हजार जरी ओव्हरटाइमचे असतील तर ही फट उरतच नाही.

रोख घ्यायचं म्हटलं तर ८५,००० मधून ८०,००० जातात. आजच्या खर्चाने ते ८५,००० म्हणजे सव्वादोन महिन्यांचं घर आहे, कमीत कमी सहा महिन्यांचं असायला हवं. त्याला हात लावायचा नाही.

आता तुमच्या मित्रांविषयी. यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमचा निर्णय बँकेत झालेला नाही, मिसळीच्या टेबलावर झाला आहे.

ते तिघं तुमचं भलंच चिंततात यात मला शंका नाही. त्यांना कुणी कमिशन देत नाही. आपल्याला जे ऐकू आलं ते मित्रालाही ऐकू यावं, ही ओढ खरी असते. सोनीने १९७९ मध्ये पहिला वॉकमन आणला तेव्हापासून खिशातल्या संगीताला असे प्रेमाने बोलणारे लोक लाभले आहेत. पण दर्दी माणूस शिफारस करतो ती त्याने तिसरी किंवा चौथी घेतलेली वस्तू. पहिल्या दोन घेऊन, ऐकून, विकून त्याचा कान घडलेला असतो. त्याचा गाण्यांचा साठा वेगळा, ऐकण्याची जागा वेगळी, खिसाही वेगळा. तुम्हाला तो थेट चौथ्या पायरीवर उभं करतो, आणि त्या पायरीचं भाडं तुम्ही भरायचं असतं. शिवाय आपण मोठी रक्कम मोजलेली वस्तू मित्रानेही घेतली की आपला निर्णय बरोबर होता असं मनाला वाटतं. हे माणसाचं मन आहे, त्यात लबाडी नाही.

म्हणून पुढच्या रविवारी कोणता प्लेअर चांगला असं विचारू नका. तिघांना वेगवेगळं गाठून तीन गोष्टी विचारा. गेल्या आठवड्यात तू त्यावर किती तास ऐकलंस? याच्या आधीचा प्लेअर कुठे आहे? तो केवढ्याला घेतला आणि केवढ्याला गेला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा. या वस्तूंची किंमत वापरल्यावर झपाट्याने उतरते. लिथियम बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जनंतर थकायला लागते आणि अनेक मॉडेलमध्ये ती आत चिकटवलेली असते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरचं सॉफ्टवेअर काही वर्षांत मागे पडतं, मग नवीन अ‍ॅप त्यावर चालेनासे होतात. तुमच्या एका मित्राने याला ‘कानाची गुंतवणूक’ म्हटलं असेल तर तो शब्द मला मान्य नाही. ही हौस आहे. हौसेला पैसे द्यावेत, पण हौसेच्या खात्यातून.

मग एकाचा प्लेअर पंधरा दिवसांसाठी उसना मागा. जीव लावणारा दर्दी असेल तर देईल. तो बसमध्ये न्या आणि वडिलांच्याच कॅसेटवर ऐका, मित्राच्या आवडत्या रेकॉर्डिंगवर नको. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो, आणि टेबलावर झालेल्या किती तुलना याच कारणाने एकतर्फी झाल्या असतील सांगता येत नाही.

इथे तुमच्या कॅसेटचा मुद्दा येतो. साध्या कॅसेटवर सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ५० ते ५५ डेसिबल असतं, सीडीत ते ९६ असतं. म्हणजे टेपवरून उतरवलेलं रेकॉर्डिंग सीडीच्या साच्यातसुद्धा सैलसर बसतं. जे टेपवर उतरलंच नाही ते पासष्ट हजारांचा प्लेअर कुठून आणणार? आणि त्याने गाणं कमी होत नाही. गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर आपल्या नाशिकचे, १९२१ चा जन्म. १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांची बाजू, आणि त्यांत उतरणारा आवाजाचा पल्ला आजच्या मानाने फारच अरुंद. तरी तो स्वच्छ, गोड आवाज मी आजही ऐकते तेव्हा हातातलं काम थांबतं.

बसमध्ये तर इंजिनाचा आणि वाऱ्याचा घोंगाट असतोच. बारीक तपशील त्यात बुडतात आणि आपण नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते, आवाज वाढला की ते तास झपाट्याने कमी होतात. त्यामुळे तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक पडेल तो कानात घट्ट बसणाऱ्या, बाहेरचा आवाज अडवणाऱ्या इअरफोनने. तीन हजारांपर्यंत वायरचे चांगले मिळतात, सोबत रबरी टिप्सचे दोन-तीन आकार येतात. आपल्या कानाला बसणारा आकार शोधण्यात एक संध्याकाळ घालवा. (मित्रांपैकी कुणी ब्लूटूथवर ऐकत असेल तर त्याला आठवण करून द्या की तेव्हा प्लेअरमधली महागडी चिप कामच करत नाही, आवाजाचं रूपांतर इअरफोनमध्ये होतं.)

प्लेअर तर तुमच्या कपाटातच आहे. जुन्या फोनची बॅटरी बदला, हजार-बाराशे लागतील. सिम काढा, फोन विमान मोडवर टाका, मेसेजचा त्रास तिथेच संपला. फोनला मेमरी कार्डाची खाच असेल तर २५६ जीबीचं कार्ड घाला. हिशेब असा : सीडीच्या दर्जाचा एक तास सुमारे ६३५ एमबी घेतो. तुमच्या तीनशे कॅसेट तासाभराच्या धरल्या तर १९० जीबी, आणि फ्लॅक स्वरूपात ठेवल्या तर आवाजाला धक्का न लागता त्याहून बऱ्याच कमी. वडिलांचा सगळा संग्रह नखाएवढ्या कार्डावर बसतो. खाच नसेल तर फोनच्या जागेत मावेल तेवढं ठेवा, दर रविवारी बदला.

खरी काळजी मला उरलेल्या १२० कॅसेटची आहे. आपल्याकडचे पावसाळे ठाऊक आहेत, टेपवर बुरशी धरते, फीत ताठरते, कॅसेट वाजवणाऱ्या जुन्या डेकचा पट्टा सैल पडून सूरच हलतो. आणि उतरवलेल्या १८० फक्त एका लॅपटॉपवर आहेत. लॅपटॉपची डिस्क गेली तर आजवरची मेहनत एका दुपारी जाईल. प्लेअर बाजारात पुढच्या वर्षीही मिळेल. वडिलांनी निवडून, जपून ठेवलेला हा संग्रह मिळणार नाही. म्हणून पहिला खर्च इथे : पाच-साडेपाच हजारांची पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, सगळं तिच्यावर उतरवा आणि ती घरात ठेवू नका, नाशिकमध्येच एखाद्या नातेवाइकाकडे द्या. डेकचा पट्टा बदलून आणि हेड साफ करून घ्यायला दोन हजारांपर्यंत धरा. कार्ड, बॅटरी, इअरफोन मिळून सगळं चौदा हजारांच्या आत बसतं. दोन महिन्यांच्या शिलकीतून करा, बँकेतले ८५,००० जसेच्या तसे राहू द्या.

तिसऱ्या महिन्यापासून ८,१०० चे तीन भाग करा. ४,८०० अडचणीच्या निधीत. १,८०० आरोग्य विम्यासाठी बाजूला, प्रीमियम नक्की किती ते दोन-तीन ठिकाणी विचारून ठरवा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि आई त्यात आहे का हे उद्याच एचआरला विचारा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, तेवढा हात मोकळा झाला. उरलेले १,५०० हौसेच्या वेगळ्या आरडीत, म्हणजे दर महिन्याला भरायच्या आवर्ती ठेवीत. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, म्हणून ही बँकेत काढा, दीड वर्षाची. स्कूटरचा हप्ता संपला की त्यातले १,७०० या खात्याला जोडा आणि १,७०० निधीला. सतरा-अठरा महिन्यांत हौसेच्या खात्यात चाळीस हजारांच्या आसपास जमतील आणि अडचणीचा निधी जवळपास पाच महिन्यांच्या खर्चाएवढा होईल.

तेव्हाही प्लेअर हवासा वाटला तर बिनधास्त घ्या, मला विचारूही नका. तोवर तुमच्या तिघांपैकी एकाने नवीन घेतलेला असेल आणि जुना विकायला काढला असेल. तो कुणी वापरला, कसा वापरला हे तुम्हाला माहीत असेल, आणि किंमत वहीत लिहिलेली असेलच. परदेशातून कुणाकरवी मागवणार असाल तर वॉरंटी भारतात चालते का हे आधी लेखी विचारा.

राहिली पत्नी. वरचे आकडे एका कागदावर लिहा आणि आज रात्री तिच्यासोबत बसा. ८,१०० चे तीन भाग तिने करू देत, माझे आकडे तिने बदलले तरी चालतील. आणि १२० कॅसेटचे खोके काढताना आईलाही जवळ बसवा. कोणत्या कॅसेटवर घरातलं बोलणं, वडिलांचं गुणगुणणं रेकॉर्ड झालं आहे हे त्यांनाच ठाऊक असेल. त्या कॅसेट सगळ्यात आधी उतरवा.