मालवणात घरी खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी काचेची टाकी बसवतोय. पाइपसाठी काचेला भोक पाडलं तर काच तडकेल का?

साधी काच असेल तर नीट पाडल्यास सहसा तडकत नाही. टफन (तापवून मजबूत केलेली काच) असेल तर ड्रिल टेकवूसुद्धा नका, क्षणात चुरा होतो. टाक्या बनवणं हेच माझं काम. बाजूच्या काचा साध्या आणि फक्त तळ टफन, असंही असतं, म्हणून प्रत्येक काच वेगळी तपासा: मागे मोबाइलची पांढरी स्क्रीन धरून पोलराइज्ड गॉगलमधून बघा, काळपट पट्टे दिसले की ती टफन. भोक टाकी रिकामी असतानाच, डायमंड होल सॉने, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या गोल पात्याने. बॅटरीचं ड्रिल, कमी स्पीड, आणि पाणी सतत. दुधासारखं पांढरं पाणी वाहतंय तोवर ठीक. कोरडी पूड दिसली की थांबा. शेवटच्या मिलिमीटरला हात अगदी हलका, कपचे तिथेच उडतात. काठापासून निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर हवंच. भोकात बसवायचं फिटिंग पीव्हीसीचं घ्या, खाऱ्या पाण्यात धातू नको. एक मात्र आहे: पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते, खालच्या टाकीतून पाणी वर चढवणारा पंप थांबतो आणि वरच्या टाकीतलं भोकाच्या वरचं पाणी पाइपमधून खालच्या टाकीत उतरतं. तेवढी जागा तिथे रिकामी नसेल तर भोक कितीही सुबक पाडा, पाणी घरभर होणार.