शार्क दिसला तर पळायचं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की डाइव्हिंगला गेल्यावर शार्क दिसला तर मला आनंद होतो, आणि मग काय, पत्रांचा पाऊस. निम्मी घाबरलेली, दोन-चार चिडलेली, एक सातवीतल्या पोराचं. म्हणून या महिन्यात सगळा शार्कच.

प्रश्न: माझा मुलगा गेल्या वर्षी सिडनीला शिकायला गेला आणि तिथे सर्फिंगच्या नादी लागला. रोज पहाटे पाण्यात. मला मोबाइलवर शार्क हल्ल्याचे व्हिडिओ येतात, एक बघितला की दहा येतात. त्याला सांगितलं तर हसतो. काय सांगू त्याला? (एक आई, कोथरूड, पुणे)

ताई, तो हसतोय ते अगदीच चूक नाही, पण ते पहाटेचं मला आवडलं नाही. त्यावर येतो.

आधी आकडे, कारण मोबाइल आकडे दाखवत नाही. फ्लोरिडा विद्यापीठाच्या म्युझियममध्ये जगभरातल्या शार्कच्या चाव्यांची नोंद ठेवतात. २०२४ मध्ये माणसाने काही न डिवचता शार्क चावल्याच्या घटना सगळ्या जगात मिळून ४७, त्यात ४ मृत्यू. त्याआधीच्या वर्षी ६९ आणि १०. न डिवचता म्हणजे शेपटी ओढणं, खायला घालणं, गळाला लागलेला मासा सोडवायला जाणं असला आगाऊपणा केलेला नसताना. ऑस्ट्रेलियाचे त्या ४७ पैकी ९. सिडनीत फेब्रुवारी २०२२ मध्ये लिटल बे इथे एक जलतरणपटू मोठ्या पांढऱ्या शार्कच्या हल्ल्यात गेला, आणि त्याआधीचा तिथला मृत्यू होता १९६३ चा. म्हणजे मध्ये जवळजवळ साठ वर्षं. लाखो लोक रोज पाण्यात उतरतात त्या शहरात. पण खोटा दिलासा देत नाही, ऑस्ट्रेलियात पांढरा, टायगर आणि बुल या तिन्ही मोठ्या जाती आहेत, त्यामुळे चावा क्वचितच होतो पण झाला तर किरकोळ नसतो.

शार्क माणसाला शोधत फिरत नाही हे मात्र आता चांगलं माहीत झालंय. कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या विद्यापीठातल्या लोकांनी दोन वर्षं २६ किनाऱ्यांवर ड्रोन उडवले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे पांढऱ्या शार्कची पिल्लं जमतात अशा दोन जागी तर ९७ टक्के दिवशी शार्क आणि माणसं एकाच पाण्यात होती, सर्फर बोर्डवर गप्पा मारतायत आणि खालून दोन-अडीच मीटरचं धूड निवांत चाललंय, वरच्याला पत्ताच नाही. मग चावतो कधी? एक म्हणणं असं की खालून वर बघताना हातपाय मारणारा माणूस आणि सील सारखेच दिसतात. सिडनीच्याच मॅक्वारी विद्यापीठाने २०२१ मध्ये शार्कच्या नजरेचा हिशोब मांडून हे दाखवलं. सगळ्यांना पटलेलं नाही ते. दुसरा गट म्हणतो शार्क नुसत्या डोळ्यावर जात नाही, त्याला हात नाहीत, अनोळखी वस्तू दिसली की तोंडाने चाचपून बघतो. मला दुसरं जास्त पटतं. फक्त त्याचं चाचपणं म्हणजे आपला पाय.

आता मुलाला सांगायचं ते. पहाटे आणि तिन्हीसांजेला नको, तेव्हा उजेड कमी आणि शार्क खायच्या मूडमध्ये. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस नको, विशेषतः हार्बरच्या बाजूला, कारण पाणी गढूळ होतं, नाले-नद्यांचं पाणी उतरतं आणि उन्हाळ्यात तिकडे बुल शार्क येतातच. पक्षी एका जागी सूर मारून मारून पाण्यात पडताना दिसले तर खाली माशांचा थवा आहे आणि थव्यामागे कोण आहे ते सांगता येत नाही, तिथून निघायचं. कुणी गळ टाकून बसलेला असेल तर तिथे नको. एकट्याने तर नकोच नको. आणि त्याला वाटत असेल की किनाऱ्याला जाळी लावलेली आहे, तर ती १९३७ पासून लावतात हे खरं पण ती भिंत नाहीये हो, १५० मीटर लांबीचा नि ६ मीटर उंचीचा तुकडा असतो, शार्क वरून, खालून, बाजूने आरामात जातो. इलेक्ट्रिक करंट सोडणारी उपकरणं मिळतात, त्यातलं बोर्डला लावायचं एक २०१८ च्या चाचणीत बरं निघालं, पांढऱ्या शार्कने आमिष घ्यायचं प्रमाण ९६ वरून ४० टक्क्यांवर आलं. पण चाळीस म्हणजे शून्य नव्हे. मनगटातले मॅग्नेटचे पट्टे वगैरेंवर पैसे घालवू नका.

एक गोष्ट त्याला आणि त्याच्या मित्रांना शिकायलाच लावा. शार्कच्या चाव्यात माणूस जातो तो बहुतेक वेळा रक्तस्रावाने. पायाला चावा असेल तर जांघेत, मांडी जिथे पोटाला मिळते त्या घडीच्या मधोमध, मूठ ठेवून सगळं वजन टाकून दाबायचं. तिकडचे डॉक्टर निकोलस टेलर यांनी ही पद्धत लोकांपर्यंत पोचवली, नुसती सर्फबोर्डची दोरी बांधण्यापेक्षा ती चांगली चालते. मग सर्फबोर्डची दोरी जखमेच्या वर करकचून बांधायची आणि मदत येईपर्यंत सोडायची नाही.

आणि ताई, खरी काळजी करायचीच असेल तर रिप करंटची करा. लाटा फुटतायत, पांढरा फेस आहे, आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद, लाटच फुटत नाही. नवख्याला वाटतं वा, इथे मस्त आहे. तोच पट्टा आत ओढतो. ऑस्ट्रेलियात शार्कपेक्षा कितीतरी जास्त माणसं दरवर्षी त्यात जातात. तिथे लाइफगार्ड लाल-पिवळे झेंडे रोवतात, पोहायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मध्येच. ओढला गेलास तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नकोस, तरंगत राहा, हात वर कर, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पड, एवढं पाठ करून घ्या त्याच्याकडून. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडला पुण्याहून सहलीला गेलेली १४ मुलं बुडाली, तिथे शार्क नव्हता, ओहोटी होती.

प्रश्न: लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला मालदीवला चाललोय. पॅकेजमध्ये नर्स शार्कबरोबर स्नॉर्कलिंग आहे. नवऱ्याचा उत्साह उतू चाललाय, मला धड पोहता येत नाही, आणि नेमकी तेव्हाच पाळी येईल असं दिसतंय. रक्ताच्या वासाने शार्क येतो म्हणतात ना? (ठाणे)

विचारलंत ते बरं केलंत, हा प्रश्न खूप जणींना असतो आणि विचारत कुणी नाही. पाळीमुळे शार्क जास्त चावतात असा कुठलाही पुरावा नाही. कितीतरी बायका डाइव्हिंग शिकवण्याचाच व्यवसाय करतात, त्या काय दर महिन्याला पाच दिवस सुट्टी घेत नाहीत. एक थेंब रक्त मैलभरावरून कळतं हेही फेकलेलं आहे, वास पाण्यातून वाहत नाकापर्यंत पोचावा लागतो. त्याला भुरळ पडते ती माशांच्या रक्ताची आणि धडपडीची.

नर्स शार्क तळाशी पडून राहणारा, आळशी, तोंड बारकं. पण चावतो, आणि चावला की सोडत नाही. बहुतेक वेळा चावा कुणाला? ज्याने हात लावला त्याला. मालदीवच्या वावू अटोलमध्ये, म्हणजे तिथल्या प्रवाळ बेटांच्या एका कड्यात, टूरवाले माशांचे तुकडे टाकून त्यांना जमवतात, मला तो प्रकार आवडत नाही, कारण मग त्याला माणूस म्हणजे जेवणाचा डबा वाटायला लागतो. जायचंच असेल तर आधी विचारा खायला घालता का, आणि घालत असतील तर हात छातीशी धरून ठेवा, बोटं पसरून पाणी चिवडू नका, चमकणाऱ्या बांगड्या, पैंजण, चेन खोलीतच ठेवा, ते पाण्यात माशाच्या खवल्यासारखं चकाकतं. लाइफ जॅकेट घालाच. तुमच्या बाबतीत खरा धोका न पोहता येण्याचाच आहे, नवरोबांना सांगा हात सोडू नका.

मी स्वतः तिकडेच पहिल्यांदा ग्रे रीफ शार्क जवळून बघितला. खडकाच्या कडेला धरून बसलो होतो, समोरून आला, कल्ल्याच्या फटी उघडतायत मिटतायत, पोटाला चिकटलेला एक रेमोरा, मोठ्या माशांना चिकटून फिरतो तो मासा, आणि डोळा. मांजरासारखा, उभ्या बाहुलीचा. दोन हातांवर आला, माझ्याकडे बघितलं, आणि ऑफिसात चुकीच्या टेबलाशी आल्यासारखा वळून गेला. अपमानच झाला जरासा. बरं, कधी तो पाठ कमानीसारखी करून, पुढचे पर खाली ताणून झटके देत पोहायला लागला तर ती धमकी असते, मग त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरकायचं, पाठ दाखवून फडाफडा पळायचं नाही. पळतो तो भक्ष्य, एवढंच गणित त्याला येतं.

प्रश्न: आम्ही मनोरकडचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वैतरणेच्या खाडीत आमच्याकडच्या तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला, पाय वाचला नाही. नदीत शार्क कसा? आम्ही आता पाण्यात उतरायचं की नाही? (पालघर)

दादा, ती बातमी वाचली तेव्हा मलाही धस्स झालं, महाराष्ट्रात असं जवळजवळ ऐकलेलंच नाही. खाडीत, नदीत शिरणारी मोठी जात म्हणजे बुल शार्क. बाकीचे बहुतेक शार्क गोड्या पाण्यात टिकत नाहीत, याची किडनी आणि मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी पाण्याप्रमाणे काम कमी-जास्त करते, म्हणून तो गोड्यातही राहतो. अॅमेझॉन नदीत तर समुद्रापासून हजारो किलोमीटर आत, पेरूतल्या इकितोसपर्यंत सापडलाय. माद्या पिल्लं घालायला खाडीच्या तोंडाशी येतात, तिथे पिल्लांना खाणारे कमी.

मासेमारी तुमची रोजीरोटी, उतरू नका म्हणायला मी कोण. पण भरतीच्या पाण्याबरोबर हे आत येतात आणि गढूळ पाण्यात त्याला दिसत नाही, तो नाकाभोवतीच्या बारीक छिद्रांनी जवळच्या माशाच्या अंगातली वीज ओळखतो. म्हणून भरती चढताना कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जाळं ओढणं टाळा, पकडलेले मासे कमरेला लटकवू नका, होडीत नायतर किनाऱ्यावर टाका, आणि मासे साफ करून घाण तिथेच पाण्यात टाकायची सवय असेल तर ती सोडा. होडीत एक जाड दोरी आणि ती पिळून आवळायला काठी ठेवा, रक्त थांबवायला. वर लिहिलंय तसं.

प्रश्न: विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर मत्स्यदंशाची सूचना दरवर्षी लावतात. तेही शार्कच का? (गिरगाव)

शार्क नाही, पण चुलतभाऊ. पाकट, म्हणजे स्टिंग रे. दोघांच्याही अंगात हाड नाही, सगळं कूर्चा. २०१३ ला दीड दिवसाच्या विसर्जनाला कित्येक जणांना एकाच संध्याकाळी डंख झाले होते. वाळूत पसरून बसलेलं असतं, वरून दिसत नाही, पाय पडला की शेपटीचा काटा फटकन. पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत न्या, ते कळून बाजूला होतं. गमबूट असले तर उत्तम. लागलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवा, वेदना खरंच उतरते, मग धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काटा छातीपोटात रुतला असेल तर उपटायचा नाही, तसंच हॉस्पिटल.

प्रश्न: काका, शार्क आला तर नाकावर बुक्की मारायची ना? माझा मित्र म्हणतो हो. (इयत्ता ७ वी, नाशिक)

पाण्यात बुक्की मारून बघ बाळा, स्विमिंग टँकमध्ये. लागते का जोरात? नाही ना. आणि नाकाच्या खाली लगेच काय असतं? तोंड. म्हणून हातात कॅमेरा, बोर्ड, पायातला फिन जे असेल ते मध्ये धरायचं. चावलाच तर डोळ्यात नायतर कल्ल्यांवर मारायचं, मारत राहायचं, मेल्याचं सोंग घ्यायचं नाही. मित्राला सांग अर्धे मार्क.

प्रश्न: शार्क वाचवा म्हणून लेख लिहिता आणि मालवणात जाऊन मोरीचं (म्हणजे बारक्या शार्कचं) मटण हाणता, हे कसं काय? (नाव न छापण्याच्या अटीवर, मालवण)

ओळखलं मी कोण ते. हाणत होतो, खोटं कशाला बोलू. लहानपणी संध्याकाळच्या लिलावात वाळूवर मुशी, म्हणजे मोरीच, मांडलेल्या असायच्या, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला की गुळगुळीत, उलटा फिरवला की पॉलिश पेपर, तो खेळच होता आमचा. आता बघतो तर हातभर लांबीची पिल्लं टोपलीत. मुशी वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात आणि पिल्लं मोजकी, मग पुढची येणार कुठून. बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, २००१ पासून वाघाइतका संरक्षित आहे आणि तो जाळ्यात अडकला तर जाळं कापून सोडणाऱ्या आपल्या मच्छीमारांना सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, ते मला भारी वाटतं. मुशीला असं काही नाही. गेली सहा-सात वर्षं मी खाल्लेली नाही. आई अजून फोनवर विचारते, येतोस तर मोरी घेऊन ठेवू का. मी म्हणतो बांगडे घे. ती म्हणते बांगडे काय, पुण्यातपण मिळतात.